पाकिटाची जाडी

माझ्या आईला पाकीट फोडावं लागत नसे.
अंगठा आणि तर्जनीत धरून ती सांगायची,
दहा डॉलर. किंवा, नुसतीच खुशाली.
अमेरिकेच्या पत्रातून आमच्या गोठ्यावर पत्रा आला,
मला बूट आले, एका नंबराने मोठे.

मेयोच्या या टोकाला जमीन संपते
आणि नातेवाईक सुरू होतात.
सात बहिणींतल्या सहा गेल्या, सातवी माझी आजी.
जायच्या आदल्या रात्री सगळा गाव घरात,
तंबाखू, चहा, बाटली, आणि पहाटेपर्यंत रडणं,
मेलेल्या माणसासाठी रडतात त्याच सुरात.
जिवंत माणसाचं सुतक.
आणि ती, जाणारी, नव्या कोटात,
स्वतःच्याच मयताला आलेल्यांना
बिस्किटं वाटत फिरायची.

मी पोस्टात एकोणतीस वर्षं. हिरवी व्हॅन, खिडकी नीट लागत नाही.
धक्क्याजवळचं हॉटेल पाच वर्षं बंद होतं,
पाटीवरच्या अक्षरांत समुद्रपक्ष्यांची घरटी.
फेब्रुवारीत एका रात्री बस आली, बासष्ट माणसं उतरली.
मग चर्चच्या हॉलमध्ये सभा.
डॉक्टर आठवड्यातून एकदाच येतो. खरं आहे.
शाळेत दोनच मास्तर. तेही खरं.
मग फिन्टन लॅव्हेल उभा राहिला, म्हणाला, आधी आपली माणसं.
टाळ्या.

फिन्टन आणि माझा भाऊ एकाच विमानाने बॉस्टनला गेले होते,
पंधरा दिवसांची सहल म्हणून.
फिन्टन चार वर्षांनी परतला. डेक्लन राहिला,
लोकांच्या घरांवर कौलं चढवतो, बावीस वर्षं बिनकागदांचा.
आईच्या मातीला येता आलं नाही त्याला.
पावसात मी फोन उंच धरून उभी,
आणि तो म्हणत होता, अजून थोडं डावीकडे, अजून थोडं.

सभेत मी हे बोलले नाही.
कोटाची बटणं मोजत बसले.
टाळी वाजवली नाही, एवढंच.

मंत्रालयाची पाकिटं खाकी असतात.
हॉटेलातल्या लोकांनाही आता जाडी कळते.
पातळ म्हणजे हो.
नाही म्हणायला कारणं लागतात, वीस-बावीस पानं.
सितेंबिले बुलावायोची, शिवणकाम करायची,
माझ्या युनिफॉर्मचा फाटका खिसा तिनेच शिवला.
रोज सकाळी दाराशी उभी. आलं का, असं कधी विचारायची नाही.
विचारायची, आज वारा कसा आहे?

शुक्रवारी तिचं आलं. हातात घेतलं आणि पोटात गोळा.
वारा पश्चिमेचा आहे, म्हणाले मी,
आणि पाकीट सीटखाली सरकवलं.
शनिवारी तिच्या लुंगेलोची पहिली मॅच होती ना,
गावाच्या जर्सीत, बाह्या कोपराखाली लोंबणाऱ्या.
प्रशिक्षक फिन्टनच. घसा फाटेस्तोवर ओरडत होता पोराच्या नावाने,
प्रत्येक वेळी वेगळा उच्चार.
अकरा गुणांनी हरलो. सितेंबिले हसत होती.
मला वाटलं, दोन दिवस तरी दिले मी हिला.

सोमवारी दिलं.
तिने ते अंगठा आणि तर्जनीत धरलं,
अगदी तसंच. मी दुसरीकडे पाहिलं.
मग तिने शिक्क्यावरची तारीख वाचली.
अपिलाला पंधरा दिवस असतात,
आणि ते त्या तारखेपासून मोजतात,
हे मला माहीत नव्हतं. माहीत असायला हवं होतं,
एकोणतीस वर्षं मी तारखाच तर वाहते आहे.

तुझ्याकडे होतं?
हो.
व्हॅनचं इंजिन चालूच होतं.
ती बोटांच्या पेरांवर काहीतरी मोजत राहिली,
शनिवार, रविवार ओलांडताना जरा अडखळली.
मग खिशातून कापडाची कात्री काढली
आणि पाकिटाची कड कापली,
सरळ, खडूची रेघ आखल्यासारखी.